ओवाळणीचा टीव्ही

या मित्रांनो, असे जवळ या. चपला बाहेर काढा, मांडी घालून नीट बसा. कीर्तनाला बुवा उभे राहिले की आधी मागच्यांना पुढं बोलावतात, "सरका माउली, सरका, देव काय मागं उभा न्हाई," असं म्हणतात. तसंच समजा. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट माझी आहे, पण माझ्यापेक्षा जास्त ती एका बाईची आहे, आणि ती खरी घडलेली आहे. मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या काचेनं, पाहिलेली आहे.

मी एक जुना टीव्ही आहे. वय विचाराल तर मला दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत. पण ज्यानं घरातल्या माणसानं घरातल्याच माणसाला फसवलेलं पाहिलं, तो लवकर जुना होतो. म्हणून स्वतःला जुना म्हणतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फार आठवत नाही. पांढरे दिवे, हातमोजे घातलेले हात, आणि शेवटी थर्माकोलच्या दोन पाट्यांमधला अंधार. जाग आली ती वडवणीच्या एका दुकानात. दिवाळीचे दिवस होते. भिंतीवर आम्ही आठ-दहा भावंडं टांगलेली होतो आणि सगळ्यांवर एकच गाणं चालू होतं. एका दुपारी पांढरी टोपी घातलेला एक माणूस आत आला. त्याचं नाव उत्तरेश्वर. चकलांब्याकडचा शेतकरी, अंगानं भरलेला, बोलायला गोड.

"बहिणीला भाऊबिजेला द्यायचाय," तो दुकानदाराला म्हणाला. "बारका नगं. बघितल्या बघितल्या ती खुश झाली पायजे."

तो माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. बाकी गिऱ्हाइकं आधी चित्र बघत, आवाज बघत. ह्यानं नुसती माझी लांबी-रुंदी पाहिली. मला वाटलं, केवढा हा बहिणीवर जीव! अख्ख्या भिंतीतून त्यानं मला निवडलं म्हणून माझी छाती फुगली. मित्रांनो, माझी पहिली फसगत तिथंच झाली, पण ते कळायला पुढं नऊ महिने लागले.

सारजाबाई ही त्याची थोरली बहीण. वडवणीपासून तीन कोसांवर तिचं घर. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं शेळ्या-मेंढ्यांचा वाडा, दारात कडुनिंब. नवरा सटवा दिवसभर जनावरांमागं रानात. एकुलती लेक शिवकन्या अंबाजोगाईला नर्सिंग शिकायला. भाऊबिजेला उत्तरेश्वर पाटावर बसला, सारजाबाईनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. आता ताटात टीव्ही कसा मावणार? त्यानं माझा रिमोट निरांजनाशेजारी ठेवला. सारजाबाईनं आधी रिमोटकडं पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या माझ्या खोक्याकडं, आणि ती मट्कन खालीच बसली.

"उत्तरेश्वरा, आरं एवढं कावून केलंस रे?"

"तू मला आईवाणी संभाळलंस अक्का. ह्ये काय लई न्हाई."

ते खरंच होतं. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा सारजाबाई चौथीत होती. वडिलांनी, म्हणजे त्यांच्या आबांनी, तिला शाळेतून काढलं आणि दीड वर्षाचा उत्तरेश्वर तिच्या कडेवर दिला. पुढं तो शिकला, बारावी झाला. ती चौथीतच राहिली. तिला मोठी अक्षरं लावता येत. बारीक अक्षर समोर आलं की ती म्हणायची, "मुंग्या चालल्यात."

माझ्या सुखाचे दिवस तेव्हा सुरू झाले. सकाळी साडेपाचला सारजाबाई मला लावायची ती कीर्तनासाठी. डोईवर पदर घेऊन, हात जोडून माझ्यासमोर बसायची. टाळी वाजवायची वेळ आली की घरात एकटीच टाळी वाजवायची. गुढीपाडव्याला मला झेंडूची माळ आणि कडेला हळदीकुंकू. मी जे काही बोलायला शिकलो, ते त्या बुवांकडून शिकलो. एका बुवांचं वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय. ते म्हणाले होते, "माउली, परक्याच्या दुःखाला रडायला सोपं असतं, कारण ते दुःख आपण दिलेलं नसतं."

आणि संध्याकाळी सातला मालिका. तिचं नाव 'काठ कावेरीचा'. कावेरी नावाची एक साधी बाई, तिला छळणारी सासू, आणि गोड बोलणारा एक सख्खा भाऊ, धनंजय. सात वाजले की शेजारची साखराबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊन यायची, आणखी तीन-चार जणी यायच्या. कोणी शेंगा फोडायच्या, कोणी वाती वळायच्या. हात कामात, डोळे माझ्यात. कावेरीला सासूनं उपाशी ठेवलं त्या दिवशी सगळ्यांचे हात थांबले. पुढं तिला इस्पितळात नेलं, तेव्हा सारजाबाईनं खंडोबाला नारळ बोलला. कावेरी आठवड्यानं घरी आली आणि सारजाबाईनं खरोखर जाऊन नारळ फोडला. वर कावेरीच्या नावानं सगळ्यांना खोबरं वाटलं.

सटवा भाकरी खाता खाता म्हणायचा, "ह्या टीव्हीतल्या बाया रडाय लागल्या की माझ्या शेळ्या बी दूध चोरत्यात."

"तुमाला काय कळायचं?" साखराबाई म्हणायची. "ह्यो कावेरीचा जल्म न्हाई, आमचाच हाय. निस्ती लुगडी तिची नवी हायती."

तिचं खरं होतं. लोक म्हणतात, मालिका खोटी, रंग लावून केलेली. पण माझ्यासमोर बसलेल्या बायका कावेरीसाठी रडता रडता स्वतःसाठी रडून घेत. घरात स्वतःच्या दुःखाला रडलं तर कोणी म्हणेल, काय झालं हिला. कावेरीच्या नावावर सगळं खपून जायचं. मी ते पाहायचो आणि मला वाटायचं, आपण ह्या घरात पुण्याचं काम करतोय.

ह्याच बैठकीत सारजाबाई एक गोष्ट पुनःपुन्हा सांगायची. आबा गेले त्या साली, म्हणजे मी ह्या घरात यायच्या थोडं आधी, दसऱ्याच्या सुमाराला, उत्तरेश्वर तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला होता. म्हणाला, "अक्का, आबाच्या रानाला वारस म्हणून तुझं नाव लावायचंय." तिथं तिचा फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला, सही घेतली. बस, तिचं नाव लागलं.

"माझ्या नावानं दुसरं काय हाय गं?" ती म्हणायची. "हे घर मालकाच्या नावानं. जनावरं मालकाच्या नावानं. पर माझ्या बापाच्या कागदावर बापाच्या खाली माझं नाव हाय. रान कसनार भाऊच, कसू दे. मला एक शेंग नगं. निस्तं नाव हाय, तेवढ्यानं पोट भरतंय."

हे सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की बायका कावेरीला विसरून तिच्याकडं बघायच्या.

मग श्रावण लागला. पंचमीला तीन दिवस होते. शिवकन्या सुट्टीवर घरी आली होती. पंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला येतो, तसा उत्तरेश्वर येणार होता. त्या सोमवारी सात वाजता मालिका लागली. धनंजय कावेरीला कचेरीत घेऊन गेला. म्हणाला, ताई, बाबांच्या जमिनीला तुझं नाव लावू. साहेब जे विचारतील त्याला हो म्हण. कावेरी खुर्चीत बसली. समोर टेबलावर बारका कॅमेरा. तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. साहेबानं विचारलं, "राजीखुशीनं देताय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?"

"आगं नगं हो म्हनू!" साखराबाई ओरडली. "त्यो नाव काढतोय तुझं, येडे! हक्क सोडून घेतोय!"

"आसल्या भावाला किडं पडतील," दुसरी म्हणाली.

रोज सगळ्यांत मोठा आवाज सारजाबाईचा असायचा. त्या दिवशी ती बोलली नाही. तिच्या हातातली वात अर्धीच वळून राहिली होती.

साखराबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "काय गं, वाचा बसली का?"

"आसाच बारका कॅमेरा व्हता," सारजाबाई म्हणाली. "आन सायेबानं ह्येच इचारलं व्हतं. राजीखुशीनं देताय ना. मला वाटलं, नाव द्यायचंय ते इचारतोय. म्या म्हणले, हो."

साखराबाई हसली, "जा बाई, टीव्ही बघून तुला भास होतोय." पण हसता हसता तिनंच सूप खाली ठेवलं. मालिका संपली, जाहिराती लागल्या, बायका एकेक करून उठल्या.

शिवकन्यानं मोबाईलवर सातबारा काढला. आजोबांचा गट नंबर तिला ठाऊक होता. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग आईजवळ येऊन बसली.

"आई, मामाचं एकट्याचं नाव हाय."

"खाली बघ. बारीक आसल."

"खाली न्हाई, आई. वर बी न्हाई. तू हक्कसोडपत्र करून दिलंस, आसं फेरफारात लिवलंय."

सारजाबाई रडली नाही. कावेरीच्या दुःखाला रडणारी ही बाई, ती रडली नाही. तिनं उठून माझं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्यांदाच, ह्या घरात कीर्तन लागलं नाही.

बुधवारी दुपारी उत्तरेश्वर गाडी घेऊन आला. "अक्का, आवर लवकर. सत्यशीलानं पुरण शिजाय टाकलंय." सत्यशीला म्हणजे त्याची बायको.

सटवा जेवायला घरी आला होता. सारजाबाईनं भावाला पाणी दिलं, चहा दिला. मग मला लावलं. दुपारी मागच्या दोन भागांचं पुनःप्रक्षेपण असतं.

"बस जरा. कावेरी लागतीय."

"आरं वा! ह्यो भाग माझा हुकला, म्या बाजाराला गेलतो," म्हणत तो ऐसपैस बसला. मित्रांनो, तोही कावेरीचा भक्त होता! कचेरीचा प्रसंग सुरू झाला तसा तो पुढं सरकला. साहेबानं कावेरीला विचारलं तेव्हा त्यानं मांडीवर हात आपटला. कावेरी भोळेपणानं हो म्हणाली आणि उत्तरेश्वरचे डोळे भरून आले. खरेखुरे भरून आले, त्यात खोट नव्हती. त्यानं टोपीनं डोळे पुसले.

"बघितलं का दाजी? सख्ख्या बहिणीला! आसल्याला गाढवावर बसवून गावातनं फिरवाय पायजे."

"बघितलं," सटवा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"शिवे," सारजाबाई म्हणाली, "मामाला वाचून दाखव."

शिवकन्यानं मोबाईल धरला आणि मोठ्यानं वाचलं. गाव, गट नंबर, भोगवटादाराचं नाव. एकच नाव. मग फेरफार. मग तारीख. दसऱ्याच्या आधीची ती तारीख ऐकताना उत्तरेश्वरनं एकदा माझ्याकडं पाहिलं, जणू मीच चुगली केली होती.

"अक्का, टीव्हीतलं येगळं आसतं," तो म्हणाला.

"काय येगळं?"

"त्यो धनंजय बहिणीला दारात उभी करत न्हाई. म्या तुला दरसाल न्यायला येतो की. आन सगळ्याच बहिणी सोडत्यात अक्का, आपल्याकडं रीतच हाय. म्या काय फुकट घेतलं का? ह्यो एवढा मोटा टीव्ही दिला न्हाई का तुला?"

मित्रांनो, माझ्यावर त्या वेळी कावेरी बोलत होती. तिचा आवाज माझ्यातूनच येत होता, पण मला तो ऐकू येईना. मी ओवाळणी नव्हतो. दुकानात त्यानं माझी लांबी-रुंदी कशासाठी पाहिली होती, ते मला आता कळलं. एका नावावर झाकण घालायला केवढा टीव्ही लागेल, ते तो पाहत होता. आणि मी नऊ महिने अंगावर हळदीकुंकू मिरवत बसलो होतो.

सारजाबाई म्हणाली, "मागितलं आसतंस तर म्या दिलं आसतं, आसं म्हणत आसत्याल बाया. म्या तसं म्हणायची न्हाई. म्या न्हाई दिलं आसतं. रान दिलं आसतं, नाव न्हाई. पर तू मागितलंच न्हाईस. तुला वाचता यावं म्हणून माझी पाटी सुटली, उत्तरेश्वरा. आन तू त्येच वाचणं माझ्यावर चालवलंस."

"अक्का..."

"आता उठ. गाडी हायच. तालुक्याला जाऊ, माझं नाव हुतं तिथं लाव. मंग तिथनं सरळ पंचमीला येते तुझ्यासंगं. पुरण बी खाते."

किती सोपं होतं! मी मनातल्या मनात म्हणत होतो, उठ रे, उठ. सटवाचाही घास हातात थांबला होता. उत्तरेश्वरनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"झालेला कागद आता मोडत न्हाई, अक्का. सोड ना ते. येडेपणा करू नगं."

"मंग ह्याला उचल," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ह्याला."

ओवाळणी कोणी परत करत नाही. आमच्या भागात तरी कोणी केलेली ऐकिवात नाही. सटवासुद्धा म्हणाला, "आगं सारजे, राहू दे, वस्तूचा काय गुन्हा?" तेव्हा ती म्हणाली, "गुन्हा न्हाईच. पर म्या ह्याच्यासमोर बसून कीर्तन कसं ऐकू?" तिनं माझी वायर स्वतः काढली. माझ्यावरची धूळ पदरानं पुसली, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, लेकराचं तोंड पुसावं तशी. मग ती बाजूला झाली. मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून गेलो, आणि पुढच्या सीटवर जिनं बसायचं होतं ती बसली नव्हती.

तेव्हापासून मी उत्तरेश्वरच्या घरी आहे. त्याच्या बैठकीत माझ्याहून मोठा टीव्ही आहे, म्हणून मला मागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. अंगावर खताचं रिकामं पोतं आहे. खालून ओल चढते. एका कोपऱ्यात उंदरानं माझी वायर चाखून पाहिली आहे.

रोज सातला पुढच्या खोलीतून कावेरीचा आवाज येतो. तुम्हाला वाटेल, उत्तरेश्वर आता ती मालिका लावत नसेल. लावतो! अजून धनंजयाला शिव्या देतो, अजून कावेरीसाठी नाक ओढतो. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता त्या बुवांचं वाक्य आठवतं आणि रागाऐवजी उत्तरेश्वरची भीती वाटते.

दिवाळी आली. पुढचं सगळं मी पोत्याखालून, भिंतीआडून ऐकलेलं सांगतो. भाऊबिजेला त्यानं सकाळीच अंघोळ केली, नवा शर्ट घातला आणि ओसरीवर बसून राहिला. दुपारी सत्यशीलाला म्हणाला, "अक्कानं फोन बी केला न्हाई बघ."

"त्या कशाला करतील?" ती आतून म्हणाली. "आन तुमी कोणत्या तोंडानं जाताव?"

तो गेला नाही. संध्याकाळी त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला.

महिनाभरानं एक जाड लिफाफा आला. कोर्टाचा होता. उत्तरेश्वरनं तो फोडला आणि बराच वेळ वाचला. सत्यशीलानं विचारलं, "काय हाय?" तेव्हा त्यानं वरच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. दावा करणाराचं नाव म्हणून सारजाबाईचं नाव होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट. फसवून घेतलेला कागद रद्द करा, असं तिनं मागितलं होतं. "सख्खी बहीण," तो म्हणाला, "कोर्टात वढतीया मला." त्याला फार वाईट वाटलं होतं. त्याचा आवाज धनंजयाला शिव्या देताना व्हायचा तसाच झाला होता.

त्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा मला कोणी सांगेल असंही नाही. मी भिंतीकडं तोंड करून आहे.

मित्रांनो, मी एक यंत्र आहे. मला पुन्हा झाडून-पुसून लावा, असं मी म्हणणार नाही. मालिका पाहा, रडाही, रडण्यात पाप नाही. पण ज्याच्यासाठी रडताय, तो आपल्याच घरात, आपल्याच शेजारी तर बसलेला नाही ना, एवढं एकदा मान वळवून पाहा. आणि तुमच्या घरात तुमची आई, आत्या, आजी एखाद्या कागदावर सही करायला बसली, तर खेळ टाकून पळत या. तुम्हाला वाचता येतं. तो कागद तिच्या हातून घ्या, आणि सगळ्यांसमोर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मोठ्यानं वाचून दाखवा. मोठी माणसं रागावतील, घाई करतील, रीत सांगतील. तरी वाचा. आणि वाचताना चौथीतून शाळा सुटलेल्या आमच्या सारजाबाईची आठवण ठेवा.